पस्तीस मार्कांची इमारत

काही माणसं जगाचा भार खांद्यावर घेऊनच जन्माला येतात, असं थोरांच्या चरित्रात पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. ओळंबेकाकांनी फक्त बावीस मजल्यांचा घेतला होता, तोही निवृत्त झाल्यावर, आणि सोसायटीत त्यांना कुणी सांगितलेलं नसताना.

त्यांचं खरं आडनाव सुर्वे. पण शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी ते पितळेचा ओळंबा ठेवत. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोऱ्याला बांधून जो गोळा सोडतात, तो. त्याच्या वजनाने त्यांचा डावा खिसा कायम खाली ओढलेला असे, त्यामुळे सगळ्या जगाचा सरळपणा तपासणारा हा माणूस स्वतः जरा कलता दिसे. मी ए विंगमध्ये नवव्या मजल्यावर राहते आणि सोसायटीची सेक्रेटरी आहे. आयुष्यभर एका शाळेचं वाचनालय सांभाळल्यामुळे मला लोकांना गप्प बसवता येतं, या समजुतीने मला ते पद देण्यात आलं. काका पहिल्यांदा माझ्याकडे आले ते गळतीची तक्रार घेऊन. मी "या, बसा" म्हणेपर्यंत त्यांनी ओळंबा काढून माझ्या दाराच्या चौकटीला लावला होता. गोळा डुलायचा थांबेपर्यंत आम्ही दोघं श्वास रोखून उभे होतो. शोकसभेतही मी इतकी निश्चल कधी उभी राहिले नव्हते.

"चौकट ओळंब्यात नाही," ते म्हणाले. "पण ते सुताराचं पाप आहे, इमारतीचं नाही. चहा अर्धा कप घेईन."

काकांनी अडतीस वर्षं मुंबईतल्या एका कन्सल्टंटच्या ऑफिसात काढली होती. उंच इमारती भूकंपात टिकतील का, याची गणितं तिथे होत. काका डिप्लोमावाले. गणितं त्यांनी करायची, डिग्रीवाल्यांनी तपासायची आणि मोठ्या साहेबांनी सही करायची, अशी रीत होती. "आकडे माझे, सही साहेबांची," ते सांगत, आणि त्यात तक्रारीचा सूर नसे. "सही चुकली तर साहेब आत जाणार. आकडा चुकला तर माणसं. म्हणून मी आकडा तीनदा बघायचो."

निवृत्तीनंतर आकड्यांची सवय सुटेना, म्हणून त्यांनी इमारतींना मार्क द्यायला सुरुवात केली. शंभरपैकी, शाळेसारखे. रस्त्याने चालताना ते वर न बघता खाली बघत, तळमजल्याचे खांब मोजत आणि निकाल लावत. आमच्या जवळच्याच जेसल पार्कात माझ्या भावाने घेतलेल्या फ्लॅटची वास्तुशांत होती, तिथे काका जेवायला होते. श्रीखंडाची वाटी हातात घेऊन त्यांनी गॅलरीतून खाली वाकून पाहिलं आणि भावाला म्हणाले, "अठ्ठावीस. दुकानदाराने गाळ्यातली मधली भिंत काढली नसती तर पास होता." भाऊ पुढे दोन महिने माझ्याशी बोलला नाही. दुकानदाराशी मात्र तो अजून बोलतो. त्याच्याकडे दूध चांगलं मिळतं.

या सगळ्याचं मूळ चिपळूणजवळच्या एका खेड्यात होतं. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा काका आठ वर्षांचे होते. घर मातीच्या भिंतींचं. दोन भिंती अंगणात पडल्या, पण लाकडी खांबांवर छप्पर जसंच्या तसं उभं राहिलं आणि त्याखाली सुर्व्यांची पाचही माणसं उभी राहिली. "आई चुलीपाशी होती. भिंत गेली तरी तिने तवा सोडला नव्हता," काका सांगत. "तेव्हापासून मी घराचा रंग बघत नाही. कशावर उभं आहे ते बघतो." हे ते इतक्यांदा सांगत की आमच्या लिफ्टमधली मुलंसुद्धा तव्यापर्यंत आलं की पुढचं वाक्य त्यांच्याबरोबर म्हणत.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सतराव्या मजल्यावर खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसलेल्या असत. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती. जीभ मात्र पूर्ण शाबूत होती. पुण्यात असलेल्या मुलाने हा फ्लॅट घेतला तो त्यांच्यासाठीच: दोन लिफ्ट, खुर्चीला उतार, समोर खाडीचं वारं. काकांना विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर काकांनी तळमजला मागितला असता, आणि टॉवरच्या तळमजल्यावर गाड्या राहतात.

"मला उचलायला चार माणसं लागतात," काकू एकदा मला म्हणाल्या. "ह्यांनी हिशेब केलाय. भूकंपाच्या वेळी चार माणसं कुठून आणायची? आधी नोटीस काढून ठेवा बाई, की अमुक वाजता हजर राहावं."

काका हसले नाहीत. "माणसं पळून जाऊ शकत नसतील," ते म्हणाले, "तर इमारतीने उभं राहिलं पाहिजे. दुसरा उपाय नाही."

म्हणून राहायला आल्यावर पहिल्या वर्षातच त्यांनी आमच्या इमारतीची परीक्षा घेतली. बिल्डरच्या ऑफिसात अकरा खेपा घालून नकाशांच्या प्रती मिळवल्या. जुन्या ऑफिसातून जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र मागून आणलं आणि एक दिवस गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवलं. इमारत वाऱ्याने किती आणि कशी डुलते ते त्यात उमटतं. "नाडी बघतोय," ते म्हणाले. प्रत्येक उंच इमारतीचा डुलण्याचा एक ताल असतो, आणि जमिनीचा हादरा त्याच तालात आला तर इमारत झोपाळ्यासारखी वाढत्या झोक्याने हलते, एवढं मला तेव्हा समजलं. उरलेलं त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन संध्याकाळी समजावलं आणि मी वाचनालयातल्या सवयीने मान डोलावली.

जमिनीचा प्रश्न त्यांनी शेजारच्या मुर्धा गावच्या हिरामण पाटलांना विचारला. हिरामणशेठ सकाळी आमच्या गेटवर भाजी विकत. तरुणपणी ते मिठागरावर कामाला होते. काकांनी विचारलं, "पाटील, इथं खाली काय आहे?"

"काय असनार? चिखल हाय," हिरामणशेठ भेंडी निवडत म्हणाले. "आमी बांबू ठोकायचो, पुरा आत जायचा. खडक न्हाय लागायचा. तुमी वर मार्बल लावलाव, खाली चिखलच हाय."

"ऐकलंत?" काका माझ्याकडे वळले. "खडकावर हादरा टकटक करून जातो. चिखलात तो मोठा होतो आणि रेंगाळतो. आपण खरवसावर काडी उभी केली आहे, बाई."

निकाल त्यांनी मला लिफ्टच्या दाराशी सांगितला. पस्तीस. काठावर पास. पायाचे खांब खोल गेले होते हे एक, आणि लिफ्टच्या बाजूने तळापासून बाविसाव्या मजल्यापर्यंत गेलेली काँक्रीटची जाड भिंत हे दुसरं. "वजन खांब झेलतात. पण भूकंप आडवा येतो, आणि आडवा धक्का झेलायला अशी भिंतच लागते. हिचा कणा आहे तो." त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. "ही आहे तोवर मी रात्री झोपतो."

त्यानंतर दोनच वर्षांनी आमच्या चेअरमननी ठरवलं की इमारतीला भव्य लॉबी हवी.

मोहितेसाहेब हे आमचे चेअरमन. मनाने उदार, आवाजाने मोठे आणि उद्घाटनाची फीत दिसली की कात्री शोधणारे. शेजारच्या नव्या टॉवरमध्ये त्यांनी संगमरवरी लॉबी पाहिली होती आणि मधोमध झुंबर. आमच्याकडे गेटमधून आत आलं की समोर ती भिंत यायची आणि तिला वळसा घालून लिफ्टकडे जावं लागायचं. "बाई, पाहुणा आत येतो आणि त्याला काय दिसतं?" ते मला म्हणाले. "भिंत! माणूस काय भिंत बघायला येतो? मधे झकास दार काढू. समोर झुंबर दिसलं पाहिजे."

सर्वसाधारण सभा पार्किंगमध्ये झाली. काका चार उदबत्त्या, दोन बटाटे, एक लग्नपत्रिका, कात्री आणि पाव किलो पेढ्यांचा खोका घेऊन आले. बटाट्यांच्या फोडींत त्यांनी उदबत्त्या रोवल्या, वर खोका ठेवला आणि पत्रिकेचा जाड पुठ्ठा एका बाजूने उभा चिकटवला. "हे खांब, ही भिंत, हे आपण," ते पेढ्यांकडे बोट दाखवून म्हणाले. खाली ट्रे होता, तो हलवला. खोका थरथरला, उभा राहिला. मग त्यांनी पत्रिकेत, बरोबर 'आपले नम्र' च्या जागी, कात्रीने दार कापलं आणि ट्रे पुन्हा तेवढाच हलवला. पुठ्ठा दुमडला, उदबत्त्या कडाकडा मोडल्या, खोका उलटला आणि पेढे टेबलभर पसरले.

पार्किंगमध्ये शांतता पसरली. मी अनेक सभा पाहिल्यात. अशी शांतता फक्त मेंटेनन्स वाढवायचा विषय निघाला की असते. मला वाटलं, जिंकले काका.

"अरे, टेबल पे ही गिरा है," खजिनदार जिग्नेशभाई म्हणाले आणि त्यांनी एक पेढा उचलला. मग दुसऱ्या कुणी उचलला. मग खोका रांगांमधून फिरला.

"सुर्वेसाहेब, मानलं तुम्हाला!" मोहितेसाहेब टाळ्या वाजवत उठले. "हे गणपतीत मुलांना दाखवायचं हां. विज्ञानाचा कार्यक्रम ठेवू."

"साहेब, मुलांना नाही, तुम्हाला दाखवतोय," काका म्हणाले. "तिथे दार काढलंत तर ही इमारत नापास होईल."

"सुर्वे अंकल, आप टेन्शन बहुत लेते हो. पचास साल में यहाँ कुछ हिला क्या?"

"जिग्नेशभाई, पचास साल पहले इधर नमक था," काका म्हणाले. "मिठाला काय पडायचंय?"

लोक हसले. हसणं हा आमच्याकडे ठराव मंजूर होण्याचा पहिला टप्पा आहे. कुणीतरी विचारलं की काकांकडे परवाना आहे का, म्हणजे त्यांची सही कागदावर चालते का. काका म्हणाले, "नाही. मी आकडे देतो." मग हात वर करायला सांगितलं. विरोधात एकच हात वर झाला, तो काकांचा. माझा हात त्या वेळी इतिवृत्त लिहिण्यात गुंतला होता. सेक्रेटरीपदाचा तो एक फायदा आहे.

सभा संपल्यावर मोहितेसाहेब माझ्या खांद्यावरून वहीत डोकावले. "बाई, तो भूकंप हा शब्द काढा. फ्लॅट विकताना लोक मिनिट्स मागतात. भाव पडेल." मी भूकंप खोडला आणि 'इतर तांत्रिक बाबी' असं लिहिलं. भूकंप इतक्या सहज हटवणारी मी पहिलीच असेन.

तरी नियमाने परवानाधारकाचा दाखला लागणार होता, आणि काकांना तेवढी एक आशा होती. "कुणी जाणकार आला तर भिंत बघूनच नाही म्हणेल," ते म्हणाले. दाखला देणारे गृहस्थ एका शनिवारी आले. त्यांनी शहाळं घेतलं, छताकडे पाहिलं आणि गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. संरचनेस कोणताही धोका नाही. काका हातात स्वतःचे नकाशे घेऊन त्यांच्याजवळ गेले.

"साहेब, भिंतीचं गणित कुठल्या ड्रॉइंगवरून केलंत?"

गृहस्थांनी नकाशा उघडून दाखवला. काकांनी चष्मा वर केला. "ही बी विंग आहे. बी विंग सोळा मजल्यांची. ही ए आहे, बावीस."

"खालचा भाग सेमच असतो हो."

"खालचा भाग सेम असतो," काका शांतपणे म्हणाले. "त्याच्या डोक्यावरचे सहा मजले सेम नसतात."

गृहस्थ हसले, नकाशाची गुंडाळी केली आणि मोहितेसाहेबांना म्हणाले, "जुने लोक फार बारीक बघतात. चांगलं आहे." मग त्यांची गाडी गेटबाहेर गेली आणि दाखला राहिला.

आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहिला. भाषा माझी, आकडे त्यांचे. मी तो तीन वेळा सोपा केला, कारण तो कुणीतरी वाचेल असं मला वाटत होतं. संबंधित कार्यालयात काका चार वेळा गेले. पहिल्यांदा पोच मिळाली, दुसऱ्यांदा पोचेची झेरॉक्स मागितली, तिसऱ्यांदा जेवणाची सुट्टी होती, चौथ्यांदा उत्तर मिळालं: अर्जदार परवानाधारक नसल्याने त्यांच्या आकडेमोडीची दखल घेता येत नाही; सबब परवानाधारकाचा दाखला सोबत जोडावा. दाखला तर होताच. तो दुसऱ्या बाजूला जोडलेला होता.

भिंत कापायला आले त्या दिवशी काका खाली खुर्ची टाकून बसले. मला भीती वाटली की आता हे भिंतीला पाठ लावून उपोषण करणार, आणि खरं सांगायचं तर थोडी आशाही वाटली. पण तो त्यांचा पिंड नव्हता. ते वही घेऊन आले होते. पाण्याची धार सोडत मशिनचं पातं भिंतीत शिरलं, राखाडी चिखल लॉबीभर वाहू लागला, आणि काका कारागिराच्या कानाशी वाकून ओरडले, "भैया, कोना गोल रखो! कोने में ही चीर पकडती है!"

कारागीर जाणता होता. त्याने मान हलवली आणि दाराचे वरचे दोन्ही कोपरे खरोखर गोल कापले. काका मला दाखवायला घेऊन गेले. इतक्या महिन्यांत कुणीतरी त्यांचं ऐकलेलं ते पहिलंच काम होतं. दुसऱ्या दिवशी ग्रॅनाइटची चौकट आली. ती चौकोनी होती. कारागिराने काकांकडे पाहिलं, म्हणाला, "चाचा, साहब का फ्रेम है, मैं क्या करूँ," आणि कोपरे काटकोनात फोडून दिले. भिंतीतून कापून निघालेला सळीचा वीतभर तुकडा काकांनी उचलला, धुतला आणि घरी शोकेसमध्ये काकूंच्या शंखांशेजारी ठेवला.

पंधरा दिवसांनी ते यंत्र पुन्हा गच्चीवर गेलं. ताल थोडा बदलला होता. एका डुलण्याला पूर्वीपेक्षा किंचित जास्त वेळ लागत होता. पापणी लवायला लागतो त्याच्याही एका तुकड्याएवढा. इमारतीतल्या कुणालाच तो जाणवणार नव्हता. काकांनी रात्रभर बसून गणित तीनदा केलं. सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं तर ते बाहेर उभे होते.

"एकतीस," ते म्हणाले.

"ग्रेस देऊन पास नाही होणार?" मी विचारलं.

"ग्रेस मी देईन हो, बाई. पण परीक्षा जमीन घेते, आणि ती ग्रेस देत नाही." ते जिन्यानेच वर गेले. आठ मजले, गुडघे धरून. त्या दिवसापासून ते लिफ्ट वापरेनासे झाले. भीतीने म्हणावं तर तसं नव्हतं. ते जिना मोजत होते.

मुलाला फोन झाले. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही रिटायर झालात हे तुमच्या लक्षात येत नाही. काकांनी मग स्वतःच मार्ग काढला. हिरामणशेठचं मुर्ध्यात एक जुनं कौलारू घर रिकामं होतं, एकमजली, दाराला उंबरठाही नाही. "या की," हिरामणशेठ म्हणाले. "वरती आबाल, खाली चिखल. मधी कोन न्हाय." काकांनी भाडं ठरवलं आणि टेम्पो बोलावला.

टेम्पो आला त्या दिवशी दोन्ही लिफ्ट बंद होत्या. झुंबराची वायर ओढण्यासाठी दिवसभर वीज बंद राहील, अशी नोटीस चार दिवस आधी लागली होती. तिच्यावर सही माझीच होती. मी ती मोहितेसाहेबांच्या मजकुराखाली नेहमीप्रमाणे न वाचता केली होती.

टेम्पो उद्या पुन्हा येणार नव्हता. टेम्पोचे दोन हमाल, वॉचमन आणि हिरामणशेठ, अशा चौघांनी काकूंना खुर्चीसकट उचललं आणि सतराव्या मजल्यावरून उतरायला सुरुवात केली. काका मागून चालत होते, एका हातात ओळंबा, दुसऱ्या हाताच्या मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलेलं. वळणावर खुर्ची आडवी करावी लागे, तेव्हा काकू डाव्या हाताने कठडा पकडत आणि हमाल एकमेकांना शिव्या देत. बाराव्यावर एकाचा पाय सटकला. नवव्यावर मी पाणी घेऊन उभी होते. चौघांच्याही शर्टातून घाम टपकत होता. माझ्या तोंडून नोटिशीबद्दल काहीतरी निघत होतं, पण ते वाक्य पुरं झालं नाही.

"अहो," काकू मागे वळून म्हणाल्या, "भूकंप थांबला असेल आता. या पोरांना जरा बसू द्या."

काका जिन्याच्या पायरीवर बसले आणि हसायला लागले. इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग बराच वेळ ते डोळेच पुसत राहिले.

खाली पोचल्यावर त्यांनी मला घड्याळ दाखवलं. "छत्तीस मिनिटं, बाई. उजेडात. न हलणाऱ्या जिन्याने. हादरा असतो अर्धं मिनिट."

जुन्या वळशाने चौघांनी उचललेली खुर्ची बाहेर न्यायची तर कोपऱ्यात अडकली असती. नवीन दारातून ती सरळ बाहेर गेली. ग्रॅनाइटच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा उरली. मोहितेसाहेब झुंबराचं काम बघायला तिथेच उभे होते, त्यांनी खुर्चीला स्वतः हात लावला. "बघा सुर्वेसाहेब," ते मनापासून म्हणाले, "दार किती कामाला आलं!" ते खरं होतं. काकांनी भिंतीच्या कापलेल्या कडेवर क्षणभर तळहात ठेवला आणि ते टेम्पोकडे गेले.

मुर्ध्याला मी चार-पाच वेळा गेले. पुढच्या पडवीत काकू बाजेवर बसून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करत. सतराव्या मजल्यावर त्यांना घारींशिवाय कुणी भेटत नव्हतं. काका माडांना पाणी घालत. "या घराला किती मार्क?" मी विचारलं.

"याला परीक्षेला बसवत नाही. पडलंच तर कौलं पडतील. डोक्याला टेंगूळ येईल."

"आणि डासांचे मार्क विचारा," आतून काकू म्हणाल्या. "शंभरपैकी शंभर."

मग ते हळूच विचारत, "आपली कशी आहे?" मी म्हणत असे, उभी आहे. ते मान हलवत. ओळखीच्या आजाऱ्याबद्दल ऐकावं तसं.

सातव्या महिन्यात, पडवीत पेपर वाचताना, ते गेले. हृदय. कुठेही काही हललं नव्हतं. मुलगा आला आणि काकूंना पुण्याला घेऊन गेला. त्याच्या फ्लॅटमधून डोंगर दिसतो म्हणे. मी मजला विचारला. चोविसावा. निघताना काकूंनी डाव्या हाताने माझ्या हातात तो पितळी ओळंबा ठेवला. "ह्यांचा खिसा आता सरळ झाला," एवढंच त्या म्हणाल्या.

सोसायटीने शोकसभा नव्या लॉबीत घेतली. झुंबर लावलं होतं. मोहितेसाहेबांनी खरोखर रुमाल काढला. सुर्वेसाहेब हे या वास्तूचे खरे आधारस्तंभ होते, असं ते म्हणाले. जिग्नेशभाईंनी पेढ्यांची आठवण सांगितली. शेवटी एका पाटीचं अनावरण झालं. लॉबी साकारणाऱ्यांची नावं तिच्यावर सोनेरी अक्षरांत होती, आणि सर्वांत खाली, सर्वानुमते: 'तांत्रिक मार्गदर्शक – कै. श्री. सुर्वे'. पाटी भिंतीच्या उरलेल्या भागावर चार स्क्रूंनी बसवली आहे. इतिवृत्त मी लिहिलं.

सगळे गेल्यावर मी एकटीच मागे राहिले. पिशवीतून ओळंबा काढला आणि त्या दाराच्या चौकटीला, ते लावत तसा, दोरा धरून सोडला. गोळा थांबायची वाट पाहत उभी राहिले. बराच वेळ झाला तरी तो थांबेना. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मी भिंतीकडे पाहिलं, झुंबराकडे पाहिलं. मग लक्षात आलं.

भिंत कापल्यापासून लॉबीत खाडीचा वारा छान येतो.